तिथे ओली बाळंतीण आहे

अहो आई, तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही, आणि मी भांडण उकरून काढतेय. इलाज नाही. आपली बाकीची सगळी भांडणं मिटली होती. साबुदाण्याच्या खिचडीत कूट किती घालायचं, कडाक्याच्या थंडीत जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या घराच्या खिडक्या उघडायच्या की नाही, ईराशी जर्मन बोलायचं की मराठी, या सगळ्यांत कधी तुम्ही सोडून दिलंत, कधी मी. एकच राहिलं. टांझानियातल्या त्या जंगलात मला शिंका आल्या त्या सर्दीच्या होत्या की धुळीच्या?

इथली मराठी मंडळी डबे घेऊन भेटायला येतात. सोफ्यावर सावरून बसतात आणि हळू आवाजात म्हणतात, "फार शांत होत्या हो तुमच्या सासूबाई." शांत! मी मान हलवते आणि आतल्या आत हसते. यांना काय माहीत, या शांत बाईनं परदेशात, परक्या माणसासमोर स्वतःच्या सुनेची चुगली केली होती ते.

मुळात तुम्ही येणारच नव्हतात. जाणार होतो निखिल आणि मी. चिंपांझी बघायचं वेड माझं, आणि त्याचं कारण मी लग्नानंतर कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. लहानपणी सांगलीला सर्कस आली होती. तिच्यात एक चिंपांझीण होती, लाल फ्रॉक घातलेली, डोक्याला रिबीन. तिला सायकल चालवायला लावायचे. आमची जागा पुढे होती. सायकल माझ्यासमोर आली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. सगळे हसत होते. मला हसू आलं नाही. ती माझ्याकडे काहीतरी मागत होती एवढं कळलं, काय ते कळलं नाही. तेव्हापासून मला एकदा अशी चिंपांझीण बघायची होती जिला कुणी काही घातलेलं नाही आणि जिला माझ्याकडून काही नकोय.

तुमच्या पहिल्या भेटीत आपण ईराला घेऊन इथल्या झूमध्ये गेलो होतो, आठवतंय? मोठी काच होती, पलीकडे चिंपांझी बसले होते. मी नाक मुरडून म्हणाले, काचेतून बघणं म्हणजे काय बघणं आहे. तुम्ही काचेला अगदी नाक लावून उभ्या होतात. म्हणालात, "काचेतूनही दिसतं की गं. वॉर्डात आलेल्या बापांना मी बाळं काचेतूनच दाखवायचे. रडायचे ते बघून." कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात प्रसूती विभागाच्या सिस्टर म्हणून तुमची नोकरी झाली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीला तुमच्याकडे वॉर्डातला एक दाखला तयार असायचा. मी तेव्हा 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे बरोबर, बरोबर, करून विषय संपवला.

मग सगळं ठरलं, पैसे भरले, आणि निखिलच्या वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यात नव्या मॉडेलची घाई निघाली. त्याचा उरलाउब, म्हणजे रजा, रद्द. तो बिचारा तोंड पाडून बसला. मी तर भांडी आपटत होते. तुम्ही तेव्हा आमच्याकडेच होतात, कोथिंबीर निवडत. मान वर न करता म्हणालात, "मी येते हिच्याबरोबर. ईराला तू सांभाळ." निखिल हसला. त्याला वाटलं, आई गंमत करतेय. तुमच्या व्हिसावर परत यायची सोय होती, गुडघे 'अजून माझेच आहेत' असं तुमचं म्हणणं होतं, आणि बघता बघता सासू-सून टांगानिका तळ्यावरून उडणाऱ्या एवढ्याशा विमानात शेजारीशेजारी बसल्या.

काय होतं ते, आई! त्या विमानाच्या पायलटनं स्वतः आपल्या बॅगा चढवल्या आणि तुम्ही त्याला विचारलंत, नाश्ता झाला का. खाली पाणीच पाणी, मग एक मातीची पट्टी, तिच्यावर आपण धुरळा उडवत उतरलो. तिथून पुढे रस्ता नाही. कुठलाच नाही. बोटीत बसायचं आणि डोंगर अंगावर येईपर्यंत जात राहायचं. मी बोटीच्या टोकाशी उभी राहून ओरडत होते. तुम्ही मागून माझा शर्ट धरून ठेवला होतात. डोंगर थेट पाण्यात उतरलेले, गर्द झाडी, आणि काठावर वाळूत आपले तंबू. चाळिशीची बाई मी, शाळेची सहल निघाल्यासारखी नाचत होते. आणि तुम्ही स्वयंपाक्याला चपात्या लाटताना गाठून त्याचं लाटणं तपासत होतात.

संध्याकाळी गाइड जुमा नियम सांगायला बसला. उंच, सावकाश बोलणारा माणूस. जंगलात खायचं काही न्यायचं नाही. चिंपांझींच्या जवळ तोंडाला मास्क, अंतर ठेवायचं, तासाभराच्या वर थांबायचं नाही. आपल्याला होतात ते आजार त्यांना होतात, साध्या सर्दीनं ते मरतात. कुणाला शिंक, खोकला असेल त्यानं मागे राहायचं. मी सगळं वाचून आले होते, माना डोलवत होते. मग तो सहज म्हणाला, कळपात एका मादीला नुकतंच पिल्लू झालंय.

तुम्ही ताठ बसलात. "कधी?" जुमानं सांगितलं. मग पहिलं आहे की दुसरं, बाळ दूध ओढतं का, आई खातेपिते का. जुमा आधी गोंधळला, मग खुर्ची सरकवून तुमच्यासमोर बसला आणि तुम्ही दोघं एखाद्या पेशंटबद्दल बोलावं तसं बोलत राहिलात. शेवटी तुम्ही तंबूत गेलात आणि डबा घेऊन आलात. मला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. डिंकाचे लाडू! प्रवासात लागतील म्हणून कोल्हापूरहून आणलेले. बाळंतिणीला दोन दिले तर चालतील का, असं तुम्ही टांझानियातल्या गाइडला तुमच्या सिस्टर-इंग्लिशमध्ये विचारलंत.

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, तिला काही द्यायचं नाही. आपण दिलेलं काहीही तिला बाधू शकतं. तुम्ही डब्याचं झाकण लावलंत. "बरोबर आहे," म्हणालात. मग त्यालाच दोन लाडू दिलेत.

सकाळी मी बूट घालून तयार होते. डोंगरातून पहिल्यांदा तो आवाज आला. आधी कुणीतरी दमून श्वास घेतल्यासारखी हू-हू, मग ती चढत चढत नुसती किंकाळी, तिला दुसऱ्या कड्यावरून उत्तर, आणि झाडाच्या रुंद मुळांवर हातापायांनी धडाधड बडवल्याचा नाद. माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात मला शिंक आली. मग आणखी एक.

आता इथे नीट ऐका. इथल्या हवेनं मला हॉयश्नुप्फेन जडलाय, परागांनी नाक वाहायला लागतं, हे तुम्हाला माहीत होतं. त्या मच्छरदाणीवर बोटभर धूळ होती. घसा दुखत नव्हता, ताप नव्हता. मी जुमाला तेच सांगणार होते, धूळ आहे म्हणून. त्याआधी तुम्ही बोललात.

"शी हॅज कोल्ड."

मी मराठीत म्हणाले, आई, धूळ आहे हो ती, तुम्हाला माहितेय मला हे होतं. तुम्ही माझे टोपीतून बाहेर आलेले केस मागे सारलेत आणि अगदी मऊ आवाजात म्हणालात, "असेल गं धूळ. पण खात्री नाही ना? तिथे ओली बाळंतीण आहे."

झालं. जुमानं तुमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी दिलगिरीनं म्हणाला की मी आज थांबावं. आणि तुम्ही, माझ्या हट्टापायी आलेल्या, चिंपांझी आणि माकड यांतला फरक विमानात मला विचारणाऱ्या, काठी घेऊन त्याच्यामागे जंगलात गेलात. मागे वळूनही बघितलं नाहीत.

मी वाळूत बसले. तळं इतकं निळं की राग यावा. मनात म्हटलं, सासू ती सासूच. ईरा झाली तेव्हाही तुम्ही दारात असंच ठाण मांडलं होतं. माझी मैत्रीण फुलं घेऊन आली, तिचा आवाज बसलेला, तर तुम्ही फुलं घेतलीत आणि तिला जिन्यातून परत पाठवलंत. मला तेव्हा इतकी लाज वाटली होती. वरून आवाज येत होते, ते हू-हू, ते बडवणं. माझा चिंपांझी माझ्या सासूबाई बघत होत्या.

परत आलात तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत पानं, मास्क हनुवटीवर, आणि चेहरा! तुमचा तसा चेहरा मी ईरा जन्मली तेव्हाच पाहिला होता. मी तोंड फिरवलं. तुम्हाला त्याचं काही नाही. तुम्ही सरळ वाळूत सुरू केलंत. ती कशी बसली होती, बाळ पोटाशी कसं होतं. तुम्ही स्वतः वाकलात, एक हात छातीशी धरलात आणि उरलेल्या हातापायांवर चालून दाखवलंत. "एक हात खालून असा, मानेला आधार. कुणी शिकवलं असेल गं? पहिलटकरीण नाही ती, हात सरावलेला आहे." सत्तरीला टेकलेल्या बाई, तळ्याकाठी, तीन पायांवर! स्वयंपाकी हातातलं काम टाकून बघत उभा राहिला.

मग तुम्ही माझ्यासमोर बसलात आणि म्हणालात, हात वर कर. का, मी विचारलं. कर तर. मी केला. तुम्ही तुमचा हात वर करून माझा पंजा डोक्यावर धरलात आणि दुसऱ्या हातानं माझ्या केसांत उवा शोधायला लागलात. तिथल्या चिंपांझींची ती रीत आहे, दोघं समोरासमोर बसतात, एकेक हात उंच धरतात आणि मोकळ्या हातानं एकमेकांचे केस निवडतात. जुमानं तुम्हाला ती नुकतीच दाखवली होती. "दोघी म्हाताऱ्या बसल्या होत्या अशा," तुम्ही म्हणालात, "मला वाटलं, आमच्या नर्सेस क्वार्टरचा कट्टाच आहे." आणि माझ्या डोक्यातून वाळूचा खडा काढून, नीट बघून, तोंडात टाकल्यासारखं केलंत. मी हसले. काय करणार? इतकी हसले की पुन्हा शिंक आली.

दुसऱ्या दिवशीही तुम्ही मला सोडलं नाहीत. सकाळसंध्याकाळ आल्याचा काढा पाजलात. पण त्याच दिवशी मच्छरदाणीही बदलून घेतलीत, आणि इथेच सगळा घोळ झाला. शेवटच्या दिवशी माझं नाक कोरडं ठणठणीत. तुम्ही म्हणालात, बघ, काढ्यानं सर्दी गेली. मी म्हणाले, मच्छरदाणी बदलली म्हणून धूळ गेली. पुरावा दोन्हीकडे सारखा. परत येताना विमानतळांवर आपण यावरच वाद घातला, आणि घरी आल्यावर निखिलनं हात जोडले. ईरा मात्र लगेच म्हणाली, "ओमा हाट रेख्ट." तिच्यासाठी आजी नेहमीच बरोबर, आणि तेही जर्मनमध्ये.

पण तो शेवटचा दिवस, आई. मी तो रोज एकदा उघडून बघते. चढ असा की पुढच्याचे बूट डोळ्यांसमोर. तुम्ही माझ्या मागे, काठी टेकत, 'चल, चल, थांबू नको.' जुमानं हात वर केला, आपण मास्क चढवले. आणि वाटेच्या वरून एक दांडगा नर फांदी ओढत, पानं उधळत, थेट आपल्याकडे धावत आला. जुमा म्हणाला, हलू नका. मी झाडाला चिकटले. तो माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. त्याचा वास आला मला, ओल्या घोंगडीसारखा. आणि मागून तुमचा मास्कमधला आवाज, "जाऊ दे त्याला. मोठ्या डॉक्टरांचा राउंड आहे." मग तुमची बोटं माझ्या मनगटावर आली. नाडी बघत होतात. "केवढी पळतेय गं," म्हणालात, आणि तुमचीच बोटं कापत होती.

ती पुढे बसली होती. उन्हाचा तुकडा पडला होता तिथे. तुम्ही मला खांद्याला धरून पुढे केलंत आणि स्वतः मागे झालात. बाळ म्हणजे नुसते दोन कान आणि एक गुलाबी तोंड. तिनं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. सांगलीच्या तंबूतली ती सायकल माझ्या डोळ्यांसमोर होती. आणि हिनं काय केलं? हिनं मला एकदा बघितलं, हं, एक बाई आहे, आणि परत बाळाच्या पायातलं काहीतरी निवडायला लागली. तिला माझ्याकडून काही म्हणजे काही नको होतं. आई, मला इतका आनंद झाला की मास्कच्या आत मी रडत होते आणि नाक वाहत होतं आणि मनात एकच भीती, की आता तुम्हाला ही सर्दी वाटणार.

तुम्ही पदराच्या जागी शर्टाची बाही पुढे केलीत.

आता ते सांगते जे तुम्हाला अर्धंच माहीत आहे. मार्चच्या शेवटी निखिलचा फोन आला. तुमचा न्युमोनिया ऐकून तो आधीच कोल्हापूरला पोचला होता. मी ईराला मैत्रिणीकडे सोपवून निघाले. इथे बर्चची झाडं फुलायला सुरुवात झाली होती, विमानतळावर जातानाच माझं नाक वाहत होतं. मग विमानातली थंडगार हवा, मग मुंबईहून गाडी. अतिदक्षता विभागाच्या दारात एक पोरसवदा सिस्टर उभी होती. तिनं विचारलं, सर्दी, खोकला, ताप? निखिल माझ्या कानात म्हणाला, मास्क लाव आणि जा आत, आई वाट बघतेय. आणि मला आत यायचं होतं हो. तुमचा हात धरायचा होता. दीड दिवस मी तेवढं एकच ठरवत आले होते.

मी तिला म्हणाले, "शिंका येताहेत. कशाच्या ते मला माहीत नाही."

तिनं मला काचेशी उभं केलं. निखिल आत गेला, तुमच्या कानाशी वाकला. काय बोलला ते त्यानं नंतर सांगितलं. मृणाल आलीय, पण शिंकतेय, म्हणून बाहेर आहे. ऑक्सिजनच्या मास्कखाली तुमचे गाल वर गेले. हसलात तुम्ही, मी बघितलं. मग तुम्ही सलाईन नसलेला हात उचललात, डोक्याच्या वर, पंजा उघडा. निखिलला वाटलं, पलंगाची उशी वर करून हवीय. तो सिस्टरला हाका मारायला लागला. मी बाहेरून माझा हात वर केला आणि काचेला टेकवला. हात दुखेपर्यंत आपण तशा होतो. काचेतूनही दिसतं की, आई. खरंच दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. माझ्या शिंका थांबायच्या आधीच.

आणि आता मी परत इथे ब्राउनश्वाइगला आहे, खिडकीबाहेर बर्चची झाडं पिवळ्या मोहरानं लगडून हलताहेत, आणि मी अजून शिंकतेय. इतके दिवस सर्दी राहत नाही. म्हणजे ते परागच असणार. म्हणजे मी आत येऊ शकले असते. हे मी निखिलला बोलले नाही, कुणालाच बोलले नाही. तुम्हालाच सांगतेय, कारण तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. 'असतील गं पराग. पण तेव्हा खात्री नव्हती ना? आत इतरही पेशंट होते.'

नव्हती, आई. म्हणून बाहेर थांबले. तुमचीच सून.

पण जंगलातली ती धूळच होती.